एका पेनीचा गुन्हेगार

इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत, १५६६ साली, तिथल्या पार्लमेंटाने एक कायदा केला. त्याचे नाव धान्यरक्षणाचा कायदा. नाव वाचून वाटावे की कोठारांना कुलपे घालण्याविषयी किंवा साठेबाजांना दंड करण्याविषयी त्यात काही असेल. पण कायदा उघडला की आत एक दरपत्रक सापडते, आणि तेही डोक्यांचे! कोल्ह्याच्या डोक्याला बारा पेन्या. पाणमांजराच्या डोक्याला दोन. अंगावर काटे वागवणाऱ्या बापड्या हेजहॉगच्या डोक्यालाही दोनच. कारण रात्री तो गोठ्यात शिरून गाईचे दूध पितो, असा त्याच्यावर आळ होता. आपल्या ओढ्याकाठी दिसतो त्या खंड्याचा भाऊबंदही या यादीतून सुटला नाही. त्याची किंमत एक पेनी. आणि याच एका पेनीच्या रांगेत आणखी एका चिमुकल्या पाखराचे नाव आहे. ते म्हणजे बुलफिंच. फळझाडांचा बहर खाऊन टाकणारा पक्षी, हा त्याचा गुन्हा. गुन्हा कायद्यातच नोंदलेला होता, तेव्हा साक्षीपुराव्याचा प्रश्नच उरला नाही.

हा बुलफिंच आपल्याकडे, महाराष्ट्रात, कुठेही दिसायचा नाही. त्याची चुलत भावंडे भारतात आहेत. पण ती राहतात हिमालयाच्या उंच रानांत. खुद्द बुलफिंच युरोपातला नि उत्तर आशियातला. आकाराने आपल्या चिमणीपेक्षा थोडा मोठा, मान आखूड, अंगाने गुबगुबीत. डोक्यावर काळी कुळकुळीत टोपी, पाठ राखी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, आणि नराची छाती अशी गुलाबी-तांबडी की गुलाल माखल्यासारखी वाटावी. मादीचा थाट साधा, मातकट. आवाज इतका हळू की झुडपापलीकडे उभ्या माणसालाही तो ऐकू यायचा नाही. अशा या लाजाळू पाखराच्या मागे एक अख्खे राज्य हात धुऊन का लागले असावे?

त्याचे उत्तर पाखरात जितके आहे तितकेच त्या काळात आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडची लोकसंख्या वाढत होती. पीक एक वर्ष बुडाले तरी भाव चढत आणि गरिबांच्या पोटाला चिमटा बसे. धान्य खाणाऱ्या कावळ्यांविरुद्ध आठव्या हेन्री राजाच्या वेळीच कायदा झाला होता. त्याच हेन्रीच्या वेळची दुसरी एक गोष्ट. १५३३ साली रिचर्ड हॅरिस नावाच्या त्याच्या फळ-कारभाऱ्याने केंट परगण्यात टेनम या गावी मोठी बाग उठवली. फ्रान्सातून सफरचंदाची कलमे आणली, समुद्रापलीकडच्या सखल मुलखातून चेरीची नि नासपतीची. ही बाग पाहून इतरांनी कलमे नेली आणि केंटचा तो सारा टापू पुढे फळबागांसाठी नावाजला. सांगायचे तात्पर्य, बुलफिंच मुळात रानातला. रानातल्या झुडपांच्या कळ्या तो पूर्वीपासून खात होताच; त्याबद्दल कुणी त्याला जाब विचारला नव्हता. माणसाने रानाच्या कडेला हजारो फळझाडे ओळीने आणून लावली आणि त्याच्या पुढ्यात जणू पंक्तीच मांडली. पाखरू पंक्तीला बसले, तेव्हा ते चोर ठरले.

कायद्याची अंमलबजावणी चर्चच्या कारभाऱ्यांकडे होती. गावोगाव निधी गोळा करायचा, कुणी मारलेल्या प्राण्याचे डोके आणले की ते मोजून घ्यायचे, पैसे द्यायचे आणि तेच डोके पुन्हा कुणी विकायला आणू नये म्हणून ते सर्वांदेखत नष्ट करायचे, असा शिरस्ता होता. देवळाच्या जमाखर्चात मेणबत्त्यांच्या नि घंटेच्या दोरखंडाच्या शेजारी बुलफिंचच्या डोक्यांचा खर्च पडलेला आजही जुन्या वह्यांतून वाचायला मिळतो. एक पेनी म्हणजे काही अगदीच कवडीमोल रक्कम नव्हती. त्या काळी साध्या मजुराला दिवसभर राबून साधारण सहा-आठ पेन्या मिळत. तेव्हा सहा-आठ पाखरे धरली की दिवसाची मजुरी सुटली! गावातली पोरे या उद्योगाला लागली असतील तर नवल नाही.

आता या चोराची चोरी कशी असते तेही पाहू. हिवाळ्यात झाडे निष्पर्ण उभी असतात. पण फांदीवर पुढच्या वसंतातली फुले कळीच्या रूपाने तयार होऊन झोपलेली असतात. प्रत्येक कळीवर तपकिरी, कठीण खवल्यांचे पांघरूण असते. त्याच्या आत इवलीशी, हिरवट फुले दाटीवाटीने मुडपून बसलेली असतात. बुलफिंचची चोच आखूड, फुगीर आणि कडांना धारदार. तो कळी खुडतो, चोचीत फिरवतो, खवले बाहेर टाकतो आणि आतला गाभा तेवढा गिळतो. आपण सीताफळ खावे तसा हा सगळा प्रकार. फरक एवढाच की त्याचे काम भलतेच झपाट्याचे असते. मिनिटाला तीसच्या आसपास कळ्या तो फस्त करू शकतो. झाडाच्या मालकाला हिवाळ्यात काहीच कळत नाही. फार तर झाडाखाली बर्फावर तपकिरी कोंडा पडलेला दिसतो. खरा प्रकार उघडकीस येतो तो एप्रिलमध्ये. शेजारचे झाड फुलांनी पांढरे झालेले असते आणि कुंपणाकडच्या झाडाला फक्त फांद्यांच्या टोकाशी चार फुले! वर्षाचे पीक त्या बागायतदाराच्या डोळ्यांदेखत, पण त्याला न दिसता, गेलेले असते. त्याच्या संतापाला कारण नव्हते असे कोण म्हणेल?

गंमत अशी की ज्या पाखराचे डोके बागेत एका पेनीला जात होते, त्याच पाखराला दिवाणखान्यात मोठे मोल येई. जर्मनीतल्या डोंगराळ भागात बुलफिंचची पिल्ले पाळून त्यांना अलगुजावर किंवा छोट्या वाद्यपेटीवर एकच चाल रोज ऐकवीत आणि ती त्यांच्या गळ्यात उतरवीत. असे शिकवलेले पक्षी लंडनला चांगल्या किमतीला विकले जात. तिकडे जपानात तर याचा मान आणखी वेगळा. तिथेही तो चेरीच्या कळ्या खातो. पण जपानी भाषेतले त्याचे नाव ‘उसो’, आणि ‘उसो’ म्हणजे खोटे बोलणेही. म्हणून तोक्योतल्या कामेइदो इथल्या देवळात दरवर्षी २४ आणि २५ जानेवारीला लोक जुना लाकडी बुलफिंच देऊन नवा घरी नेतात. गेल्या वर्षातले खोटे नि अशुभ मागे राहावे, हा त्यातला भाव. एकीकडे डोक्याला बक्षीस आणि दुसरीकडे देवळात मान. पाखरू तेच, बघणारे डोळे वेगळे!

याच पाखराविषयी एक बारीकशी नोंद इंग्लंडमधल्या सेलबोर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने केली आहे. त्याचे पुस्तक १७८९ साली छापले गेले. शेतात पकडलेला एक नर बुलफिंच पिंजऱ्यात मुख्यतः भांगेच्या बियांवर पोसला होता. रंग पूर्ण भरलेला हा पक्षी वर्षभरात मळकट होऊ लागला आणि पुढे चार वर्षांत पार कोळशासारखा काळा पडला. अन्नाचा प्राण्याच्या रंगावर केवढा प्रभाव पडतो, असे व्हाइटला त्यावरून वाटले. बुलफिंचची गुलाबी छाती ही खाण्यातून मिळालेल्या रंगद्रव्यांवर तयार होते, हे आज माहीत झाले आहे. गाजराला केशरी करणाऱ्या द्रव्याच्याच कुळातली ही द्रव्ये. वनस्पतीच्या पोटात काय दडले आहे यावर या पक्ष्याचे रूप अवलंबून असते, याची ही पहिली चाहूल म्हणायची. मग त्याचे वागणेही त्यावरच अवलंबून असेल का? हा प्रश्न मात्र पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे कुणी नीट विचारला नाही.

एलिझाबेथ राणीचा कायदा एकोणिसाव्या शतकात रद्द झाला. पण बुलफिंचवरचा राग काही रद्द झाला नाही. १९५४ साली ब्रिटनमध्ये पक्षिसंरक्षणाचा नवा कायदा आला आणि बहुतेक रानपक्ष्यांना अभय मिळाले. तरी फळबागांच्या टापूत बुलफिंचला मारण्याची मोकळीक राहिली. पिंजरे लावून दर हिवाळ्यात पक्षी धरले जात. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच हजर! कधी मात्र असे होई की एखाद्या हिवाळ्यात सारी बाग ओरबाडली जाई आणि पुढच्या हिवाळ्यात पक्षी असूनही कळ्या शाबूत राहत. हे कोडे बागायतदारांना उलगडत नव्हते.

ते उलगडले ऑक्सफर्डजवळच्या विथमच्या रानात. इयन न्यूटन नावाचा तरुण संशोधक तिथे बुलफिंच काय खातो याचा महिनोन्‌महिने माग काढत होता. १९६४ साली त्याने आपले निष्कर्ष छापले. बुलफिंचचे हिवाळ्यातले आवडते अन्न कळ्या नव्हेतच. ते आहे रानातल्या बिया. त्यांतही ॲश नावाच्या झाडाच्या पंख असलेल्या बिया, ज्या झुबक्यांनी हिवाळाभर फांदीवर लटकत राहतात. बियांत पोषण अधिक, कळ्यांत कमी. आणि ॲशच्या झाडाची रीत अशी की एक वर्ष ते बियांनी लगडते आणि बहुधा पुढच्या वर्षी रिकामे राहते. आपल्याकडे आंबा एक वर्ष धरतो आणि एक वर्ष चुकवतो, तसेच हे. ज्या हिवाळ्यात ॲशला बिया भरपूर, त्या हिवाळ्यात बुलफिंच रानातच राहतो आणि बागेच्या वाटेला फारसा जात नाही. ज्या वर्षी ॲश रिकामा, त्या वर्षी भुकेला पक्षी बागेत उतरतो. म्हणजे केंटमधल्या नासपतीचे भवितव्य कुंपणापलीकडच्या रानात, एका भलत्याच झाडावर, आधीच ठरत होते!

न्यूटनने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. झाडावर जितकी फुले येतात तितकी फळे कधीच धरत नाहीत. आपल्या आंब्याचा मोहोर पाहा. सगळा मोहोर फळला तर फांद्या मोडून पडतील. नासपतीचेही तसेच. त्यामुळे निम्म्याच्या आसपास कळ्या गेल्या तरी मालकाच्या टोपलीत फळे कमी पडतीलच असे नाही. खरे नुकसान त्याच्या पलीकडे सुरू होते. चारशे वर्षे जो हिशेब डोकी मोजून चालला होता, तो वास्तविक बिया नि कळ्या मोजून करायला हवा होता.

तरीही एक प्रश्न उरलाच. भुकेला पक्षी बागेत उतरला, हे समजले. पण उतरल्यावर तो एक झाड ओरबाडतो आणि त्याच्या शेजारचे सोडून देतो, हे का? बागायतदारांना ही गोष्ट अनुभवाने ठाऊक होती. नासपतीच्या दोन प्रसिद्ध जाती घ्या. एक ‘कॉन्फरन्स’. १८८५ साली इंग्लंडमध्ये नासपतीविषयी एक मोठी परिषद भरली होती, तिच्यावरून हे नाव पडले. दुसरी ‘कोमिस’. ही फ्रान्सातल्या आँजे शहरातली. तिथल्या बागकाम मंडळाच्या बागेत १८४९ साली तिला प्रथम फळ धरले आणि मंडळाचे नावच फळाला चिकटले. म्हणजे दोघींचीही नावे सभा-संमेलनांवरून आलेली! चवीने खाणारे कोमिसच्या रसाळपणाची तारीफ करतात. बुलफिंचचे मत मात्र उलटे. कॉन्फरन्सच्या कळ्यांवर तो तुटून पडतो आणि कोमिसच्या कळ्यांना सहसा तोंड लावत नाही.

१९८०च्या दशकात ब्रिटिश कृषी मंत्रालयाच्या संशोधकांनी या आवडीनिवडीचा पिच्छा पुरवला. पी. डब्ल्यू. ग्रेग-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली या दोन जातींच्या कळ्यांतल्या रासायनिक घटकांची पाखराच्या पसंतीशी तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध केला. १९८५ साली कळ्यांच्या चवीचा या निवडीत काय वाटा आहे, याचाही शोध घेतला गेला. माग पोहोचला तो फिनॉल वर्गातल्या द्रव्यांपाशी.

हे नाव परके वाटले तरी ही द्रव्ये आपल्या स्वयंपाकघरातलीच आहेत. वांगे चिरून ठेवले की त्याच्या फोडी काळ्या पडतात आणि म्हणून आपण त्या पाण्यात टाकतो. तो काळेपणा फिनॉल द्रव्यांचाच. हिरडा चघळला, कच्चे केळे चाखले किंवा जांभळे जरा जास्तच खाल्ली की जीभ ओढल्यासारखी होते. आपल्या पूर्वजांनी त्या चवीला षड्‌रसांत मानाचे स्थान देऊन तुरट म्हटले. हा तुरटपणा येतो टॅनिन नावाच्या फिनॉल द्रव्यांमुळे. टॅनिनची खोड अशी की समोर प्रथिन दिसले की ते त्याला घट्ट बिलगते. तोंडातल्या लाळेतल्या प्रथिनांना ते बिलगले की जीभ कोरडी, खरखरीत वाटते. बाभळीच्या सालीत कातडे कमावतात तेव्हाही हेच घडते. सालीतले टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला धरते आणि कातडे मग कुजत नाही. आता पाखराच्या बाजूने विचार करा. हिवाळ्याचा लहानसा दिवस, रात्रीची मरणाची थंडी, आणि कळीतले मूठभर प्रथिन हीच सारी शिदोरी. त्या प्रथिनाला तुरट द्रव्याने गच्च धरून ठेवले तर कळी पोटात जाऊनही अंगी लागायची नाही. अशा वेळी जिभेवर तुरट लागताच ती कळी सोडून पुढच्या फांदीवर जाणे, यातच शहाणपण.

झाडाने ही द्रव्ये काही केवळ बुलफिंचसाठी तयार केलेली नाहीत. कीड, बुरशी, पाने खाणारी जनावरे, अशा कितीतरी शत्रूंशी त्याला जागेवरून न हलता लढायचे असते. पळता येत नाही, ओरडता येत नाही. मग उरते ती चव. माणसाने शेकडो वर्षे नासपतीच्या जाती निवडल्या त्या फळ चाखून. कळी कुणी चाखून पाहिली नव्हती. ती चाखत होता एकटा बुलफिंच, आणि त्याने चाखून दिलेला कौल बागेच्या ओळीओळींतून दर एप्रिलात वाचायला मिळत होता. आपण त्याला फक्त नुकसान म्हणत होतो.

या शोधाचा एक धागा पुढे आणखी रंजक झाला. पाखराला न आवडणाऱ्या कळ्यांच्या अभ्यासात संशोधकांचे लक्ष सिनॅमिक आम्लाच्या कुळातल्या द्रव्यांकडे वळले. या आम्लाला नाव मिळाले ते आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या दालचिनीवरून. वनस्पतीचे रसायन आणि पाखरांना दूर ठेवण्याचे उपाय यांची सांगड घालणारा लेख क्रॉकर आणि पेरी या संशोधकांनी १९९० साली लिहिला. त्यातून सिनॅमामाइड नावाचे, त्याच आम्लापासून बनवलेले द्रव्य पुढे आले आणि त्याचे पुष्कळ प्रयोग झाले. हे लावलेले खाणे पुढे आले की पाखरे त्याकडे पाठ फिरवीत. ज्या पाखराचे डोके उडवण्यासाठी पेन्या मोजल्या गेल्या, त्याला जीव न घेता नुसते ‘नको’ म्हणायला लावता येईल, हा विचार इथवर पोहोचायला सव्वाचारशे वर्षे लागली. अर्थात चवीचा कुठलाही पहारा भुकेपुढे टिकत नाही. रानात दुसरे काही खायला असेल तरच पाखरू तुरट कळी नाकारू शकते. तेव्हा बागेचा खरा रखवालदार पुन्हा तो ॲशच!

आणि इथेच या हकिगतीला एक वळण मिळाले. बुलफिंच आवरायचा कसा, याचा शोध लागत होता त्याच काळात बुलफिंच आपण होऊनच कमी होत होता. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून ब्रिटनमध्ये त्याची संख्या घसरत गेली. शेतांमधली झाडोऱ्याची कुंपणे गेली, तणांच्या बिया गेल्या, जुन्या बागाही उखडल्या गेल्या. १९९६ साली, ज्याला मारण्यासाठी कधी काळी बक्षीस होते तोच पक्षी धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या लाल यादीत जाऊन बसला. पुढे घसरण थांबून तो थोडा सावरला आणि २००९ साली त्याला लाल यादीतून काढून पिवळ्या यादीत घेतले. पण २०१२ साली ब्रिटनच्या रानात ॲशला मारणारा बुरशीचा रोग आढळला आणि तेव्हापासून तो पसरत गेला आहे. ज्या झाडाच्या बियांवर पाखराचा हिवाळा निभतो आणि त्या पाखरामुळे बागेचा वसंत ठरतो, तेच झाड आता आजारी आहे. याचा हिशेब कोणत्या दरपत्रकात बसवायचा?

एक पेनी देऊन डोके घेणारे चर्चचे कारभारी काही दुष्ट नव्हते. त्यांना मोडलेली कळी दिसत होती आणि तिच्यावर बसलेले पाखरू दिसत होते. कळीतली चव त्यांना दिसणे शक्य नव्हते, आणि कुंपणापलीकडचा रिकामा ॲश त्यांनी पाहिला तरी त्याचा बागेशी काही संबंध असेल असे त्यांच्या मनात आले नसते. पाखराने कळ्या खाल्ल्या, हे सोळा आणे खरे होते. पण ती कुठल्या वर्षी खाल्ली, कुठल्या झाडाची खाल्ली आणि कुठली टाकून दिली, हे विचारल्यावाचून खटल्याचा निकाल लागला होता. आजही इंग्लंडमध्ये सरत्या हिवाळ्यात कुंपणाकडेच्या एखाद्या नासपतीवर गुलाबी छातीचा तो लाजाळू पक्षी येऊन बसतो, कळी खुडून चोचीत फिरवतो आणि खवले खाली टाकतो. आवडली तर पुढची खुडतो. तुरट लागली, तर उडून शेजारच्या झाडावर जातो.